नाव एक, कामे अनेक



आज संध्याकाळी घरात एक शब्द किती वेळा कानावर पडतो ते मोजून पाहा. तो शब्द म्हणजे 'लाव'. "दिवा लाव." "दार लाव." "कुंडीत तुळस लाव." "रेडिओ लाव." "पहाटे पाचचा गजर लाव." आजोबा पान खाणारे असतील तर, "जरा पान लाव रे." क्रियापद एकच, पण कामे सहा. त्यातही गंमत अशी की दार लावायचे म्हणजे बंद करायचे आणि रेडिओ लावायचा म्हणजे सुरू करायचा! अगदी उलट कामे, तरी घरातले लहान मूलसुद्धा गोंधळत नाही. 'लाव' या शब्दाच्या आधी कोणता शब्द आला आहे, त्यावरून काम कोणते ते आपल्याला कळते.

आता कल्पना करा, की मराठीत ही सोय नाही. दिव्यासाठी एक क्रियापद, दारासाठी दुसरे, गजरासाठी तिसरे. भाषा शिकायला अवघड झाली असती आणि आईचा निम्मा वेळ शब्द आठवण्यात गेला असता.

संगणकाला आज्ञा देण्यासाठी ज्या भाषा तयार केल्या आहेत, त्यांपैकी जावा या भाषेत अशीच सोय आहे. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भाषा घडवली आणि १९९५ साली ती जगापुढे आली. (२०१० पासून ती ओरॅकल या कंपनीकडे आहे.) त्या सोयीला मेथड ओव्हरलोडिंग असे म्हणतात. ओव्हरलोडिंग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उसाने खचाखच भरलेली ट्रॉली येते. इथे जादा भार आहे तो नावावर. एकाच नावावर अनेक कामांचा भार टाकायचा, म्हणून हे नाव.

मेथड म्हणजे काय, हे आधी पाहू. मेथड म्हणजे नाव दिलेली कृती. कृती एकदा लिहून ठेवायची, तिला नाव द्यायचे आणि मग हवी तेव्हा नावाने हाक मारायची. हाक मारताना कृतीला लागणारा कच्चा माल कंसात द्यायचा. त्या कंसातल्या मालाला पॅरामीटर म्हणतात. जावामध्ये प्रत्येक मालाचा प्रकार आधी सांगावा लागतो. पूर्णांकांसाठी 'इंट' आणि मोठ्या पूर्णांकांसाठी 'लाँग', अपूर्णांकांसाठी 'फ्लोट' व त्याहून काटेकोर 'डबल', आणि अक्षरांच्या माळेसाठी 'स्ट्रिंग'. आजच्यापुरते एवढे प्रकार पुरेत.

प्रोग्राम चालण्याआधी तो कंपायलर नावाच्या दुसऱ्या एका प्रोग्रामच्या हाताखालून जातो. कंपायलर आपण लिहिलेले वाचतो, तपासतो आणि यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणतो. आजच्या लेखाचा नायक तोच आहे. एका नावाच्या पाच मेथड असतील तर त्यांतली कोणती वापरायची, हा निवाडा तो करतो. आणि हा निवाडा प्रोग्राम सुरू होण्यापूर्वीच झालेला असतो.

खरे तर या गोष्टीची तुमची ओळख फार जुनी आहे. भागाकाराचे चिन्ह घ्या. जावामध्ये ते तिरक्या रेघेने लिहितात. आमच्या प्रयोगशाळेत दर वर्षी कोणीतरी फॅरनहाइटचे सेल्सिअस करण्याचा प्रोग्राम लिहितो. सूत्र तुम्हाला ठाऊक आहे. तो लिहितो:

से = ५ / ९ * (फॅ - ३२)

तापलेल्या माणसाचे १०२ अंश घाला, उकळत्या पाण्याचे २१२ घाला, उत्तर एकच: शून्य! विद्यार्थी तापमापीला दोष देतो, सूत्र पुन्हा पुन्हा तपासतो. सूत्र बरोबरच आहे. पण ५ हा पूर्णांक आणि ९ हाही पूर्णांक. दोन पूर्णांकांमध्ये ही तिरकी रेघ आली की जावा 'भागाकार करा आणि बाकी टाकून द्या' असा तिचा अर्थ घेते. ५ भागिले ९, भाग शून्य, बाकी ५. बाकी टाकली, उरले शून्य, आणि शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. तेच ५.० / ९ असे लिहा. आता एक बाजू अपूर्णांकाच्या प्रकारची झाली, त्यामुळे त्याच रेघेचा दुसरा अर्थ घेतला जातो आणि ०.५५५... मिळते. चिन्ह एकच, कामे दोन. कोणते काम करायचे ते दोन्ही बाजूंच्या प्रकारावरून ठरले. तुमच्या मनात काय होते, यावरून नव्हे.

हे शेवटचे वाक्य लक्षात असू द्या. पुढे माझीच फजिती सांगणार आहे, तेव्हा ते उपयोगी पडेल.

बेरजेच्या चिन्हाचेही तसेच. जावात दोन आकड्यांमध्ये अधिक चिन्ह घातले की बेरीज होते, पण एका बाजूला अक्षरांची माळ असेल तर दोन्ही बाजू एकमेकींना जोडल्या जातात. म्हणून २ + ३ + "रुपये" याचे उत्तर '५रुपये' येते आणि "रुपये" + २ + ३ याचे उत्तर 'रुपये२३'! डावीकडून एकेक चिन्ह घेऊन बघा, म्हणजे कारण कळेल. दुकानदाराने असा प्रोग्राम वापरला तर पाच रुपयांचे तेवीस होतील.

चिन्हांना नवे अर्थ देण्याची मुभा जावा आपल्याला देत नाही, मेथडना मात्र देते. समजा आपल्याला निरनिराळ्या आकृत्यांचे क्षेत्रफळ काढायचे आहे. आपण तीन मेथड लिहू:

डबल क्षेत्रफळ(डबल त्रिज्या)
डबल क्षेत्रफळ(डबल लांबी, डबल रुंदी)
डबल क्षेत्रफळ(डबल अ, डबल ब, डबल क)

(जावाचे ठरीव शब्द आणि आकडे प्रत्यक्षात रोमन लिपीतच लिहावे लागतात. इथे वाचायला सोपे जावे म्हणून सारे देवनागरीत दिले आहे. पण आपण ठेवलेली नावे, जसे 'क्षेत्रफळ' किंवा 'त्रिज्या', जावा खरोखरच देवनागरीत स्वीकारते. करून पाहा.)

पहिली मेथड वर्तुळासाठी, दुसरी आयतासाठी आणि तिसरी तीन बाजू दिल्या असता हेरॉनच्या सूत्राने त्रिकोणासाठी. प्रत्येकीच्या आतली कृती वेगळी. आता क्षेत्रफळ(५) अशी हाक मारली की कंसात एकच वस्तू आहे हे पाहून कंपायलर वर्तुळाची मेथड निवडतो आणि उत्तर सुमारे ७८.५४ येते. क्षेत्रफळ(४, ३) म्हटले की आयत, उत्तर १२. क्षेत्रफळ(३, ४, ५) म्हटले की त्रिकोण, उत्तर ६. आपण कुठेही वर्तुळ किंवा त्रिकोण हे शब्द उच्चारले नाहीत.

म्हणजे निवडीसाठी कंपायलर पाहतो त्या गोष्टी तीन: कंसात वस्तू किती, त्या कोणत्या प्रकारच्या आणि कोणत्या क्रमाने. नाव आणि या तीन गोष्टी मिळून मेथडची जणू सही होते. एका घरात दोन मेथडची सही तंतोतंत सारखी असून चालत नाही.

इथे नवशिक्याला हमखास एक मोह होतो. वर्तुळ झाले, आयत झाला, आता चौरस घेऊ. चौरसाला एकच बाजू पुरते. म्हणून तो लिहितो:

डबल क्षेत्रफळ(डबल बाजू)

कंपायलर ताबडतोब अडवतो. अशी मेथड आधीच आहे, असे सांगतो. विद्यार्थी म्हणतो, "पण ती त्रिज्या होती आणि ही बाजू आहे!" बरोबर, तुमच्यासाठी. कंपायलरच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी एक 'डबल' आहे, बस्स. पॅरामीटरला दिलेले नाव हे माणसाच्या सोयीसाठी असते. सहीत ते मोजले जात नाही. क्षेत्रफळ(५) अशी हाक आली तर हे पाच त्रिज्येचे की बाजूचे, हे त्या पाचावर कुठे लिहिले आहे? अशा वेळी ओव्हरलोडिंगचा हट्ट सोडावा आणि 'चौरसाचे क्षेत्रफळ' अशा अर्थाचे सरळ वेगळे नाव द्यावे.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ही मर्यादा फार टोचते. आम्ही वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगतो की नुसता आकडा लिहू नका, एकक लिहा. आणि इथे 'डबल' म्हणजे नुसता आकडा! मीटर की फूट, सेकंद की मिनिट, कंपायलरला काही देणेघेणे नाही. एककांचा घोळ किती महागात पडतो याचे उदाहरण म्हणजे नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचताना ते नाहीसे झाले. पृथ्वीवरच्या एका प्रोग्रामने यानाच्या छोट्या अग्निबाणांचा आवेग पौंड-बल-सेकंदांत दिला होता आणि दुसऱ्या प्रोग्रामने तो न्यूटन-सेकंदांत आहे असे धरले. दोन्हींत सुमारे ४.४५ पट फरक आहे. त्या अपघाताचा ओव्हरलोडिंगशी संबंध नाही. पण प्रकार जुळला म्हणजे अर्थ जुळला असे समजू नये, हे त्यावरून नीट कळते.

आणखी एक गोष्ट सहीत मोजली जात नाही. मेथड उत्तर कोणत्या प्रकारचे देते, ही. एक मेथड इंट परत देते आणि दुसरी डबल, बाकी सारे सारखे, असे चालत नाही. कारण उघड आहे. उत्तराचे पुढे काही न करता नुसती हाक मारली, तर दोघींपैकी कोणती, हे ठरवायला कंपायलरच्या हाती काहीच उरत नाही.

या सोयीचा फायदा काय, असे तुम्ही विचाराल. सी ही भाषा जावाच्या आधीची. तीत ओव्हरलोडिंग नव्हते. एखाद्या संख्येचे केवळ मूल्य, म्हणजे चिन्ह सोडून उरलेली किंमत, हवी असेल तर सीमध्ये तीन नावे पाठ करावी लागत: साध्या पूर्णांकाला 'ॲब्स', मोठ्या पूर्णांकाला 'लॅब्स', अपूर्णांकाला 'फॅब्स'. नाव चुकले आणि ॲब्सला -२.७ दिले, तर आधी त्याचा पूर्णांक होतो आणि उत्तर २ येते. दशांश सात कुठे गेले याचा पत्ता नाही. जावामध्ये नाव एकच, ॲब्स, आणि त्या नावाच्या चार मेथड: इंट, लाँग, फ्लोट आणि डबलसाठी एकेक. पडद्यावर ओळ छापणाऱ्या 'प्रिंटएलएन' या नावाच्या तर दहा मेथड आहेत. जावा शिकणारा पहिल्या दिवशी पहिल्या ओळीत ओव्हरलोडिंग वापरतो, फक्त त्याला ते कोणी सांगितलेले नसते.

आता थोडे खोलात शिरू. मघाशी आपण क्षेत्रफळ(५) अशी हाक मारली. मेथडला हवा होता डबल आणि आपण दिला पूर्णांक ५. तरी चालले. कारण लहान भांड्यातले मोठ्या भांड्यात ओतायला जावाची हरकत नसते. इंट लाँगमध्ये जातो, लाँग फ्लोटमध्ये, फ्लोट डबलमध्ये. उलट दिशेने मात्र आपोआप काही होत नाही.

मेथड शोधताना कंपायलर तीन चाळण्या वापरतो. पहिली चाळणी: माल जसा आहे तसा, किंवा फार तर मोठ्या भांड्यात ओतून, कोणत्या मेथडला चालतो? एकही मेथड मिळाली नाही, तरच दुसरी चाळणी: नुसता आकडा डबीत बंद केला, किंवा डबीतला आकडा बाहेर काढला, तर चालतो का? जावात 'इंट' हा नुसता आकडा आणि 'इंटिजर' ही त्याच आकड्याची डबी. ही डबीबंदी आपोआप होऊ लागली ती २००४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून. तरीही नाही मिळाली, तर तिसरी चाळणी: कितीही वस्तू घेणारी एखादी मेथड आहे का? एका चाळणीत अनेक मेथड उरल्या तर त्यांतली सर्वांत नेमकी, म्हणजे सर्वांत लहान भांडे मागणारी निवडली जाते. आणि पहिल्या चाळणीत एक जरी सापडली, तरी दुसरी चाळणी हातातच घेतली जात नाही. हा नियम थोडा पाठ करण्यासारखा आहे.

'मोठे भांडे' ही उपमा मात्र एका ठिकाणी गळते, आणि ती जागा पाहण्यासारखी आहे. जावात संख्या जवळच्या पूर्णांकात बदलणारी 'राउंड' नावाची मेथड आहे. तिची रूपे दोन: एक फ्लोट घेते, दुसरी डबल. तिला इंट प्रकारातला १६७७७२१७ हा आकडा द्या. पूर्णांकाचा जवळचा पूर्णांक तोच असायला हवा, नाही का? उत्तर येते १६७७७२१६. एक कमी! इंट घेणारे रूप नाही, म्हणून कंपायलर तो आकडा ओतायला भांडे शोधतो. फ्लोट आणि डबल दोन्ही चालतात, त्यांत फ्लोट अधिक नेमका, म्हणून तो निवडला जातो. पण फ्लोटमध्ये संख्येचे महत्त्वाचे अंक साठवायला द्विमान पद्धतीतल्या चोवीसच जागा असतात. दोनाचा चोविसावा घात १६७७७२१६. त्याच्यापुढचा विषम आकडा त्या जागेत मावत नाही. भांडे लांबीने मोठे, पण तळाची मापाची खूण पुसट, असे म्हणा हवे तर. कुठेही चूक झाल्याची सूचना येत नाही, कारण नियमाप्रमाणे काही चुकलेलेच नाही.

निवड प्रोग्राम चालण्यापूर्वी होते, असे मी वर म्हटले. त्याचा एक परिणाम पाहा. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या असतात. कंपायलर डब्यावरची चिठ्ठी वाचतो, झाकण उघडून आत पाहत नाही. जावात 'ऑब्जेक्ट' या प्रकारात कोणतीही वस्तू ठेवता येते, म्हणजे 'किरकोळ सामान' अशी चिठ्ठी लावलेला डबा. त्यात तुम्ही "कोल्हापूर" ही अक्षरांची माळ ठेवलीत आणि तो डबा 'दाखव' या मेथडला दिलात. 'दाखव'ची दोन रूपे आहेत, एक स्ट्रिंग घेणारे, दुसरे ऑब्जेक्ट घेणारे. आत अक्षरमाळ असूनही ऑब्जेक्टचे रूप चालते. चिठ्ठी तशी आहे ना! (ओव्हरराइडिंग नावाची एक वेगळी गोष्ट आहे, तिथे झाकण उघडून पाहिले जाते. नावे सारखी वाटतात म्हणून परीक्षेत अदलाबदल होते. तिच्याबद्दल पुन्हा केव्हातरी.)

कधीकधी कंपायलर निवड करण्याचे साफ नाकारतो. आई हातात पिठाचा गोळा घेऊन घाईत म्हणते, "अरे, तेवढं लाव!" तेवढे म्हणजे काय? गॅस की दार? असाच प्रसंग तिथेही येतो. कोणी दोन्ही क्रम चालावेत या चांगल्या हेतूने अशा मेथड लिहिल्या:

डबल अंतर(इंट सेकंद, डबल वेग)
डबल अंतर(डबल वेग, इंट सेकंद)

आणि हाक मारली अंतर(५, २०). दोन्ही पूर्णांक. पहिल्या मेथडसाठी २० ओतून घ्यावा लागेल, दुसरीसाठी ५. दोघींचा हक्क सारखाच. कंपायलर संदिग्ध म्हणून प्रोग्राम परत करतो. अंतर(५, २०.०) म्हटले की तंटा मिटतो. विद्यार्थी अशा अडवणुकीला वैतागतात. मला विचाराल तर, अडवणारा कंपायलर परवडला. न अडवता भलतीच निवड करणारा परवडत नाही.

कारण तसे माझ्याबाबतीत घडले आहे. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी आमच्याकडे जर्नल जमा करून घेतात. एका वर्षी मी ठरवले की हिशेब वहीत न ठेवता संगणकावर ठेवायचा. वर्गात साठ विद्यार्थी. प्रोग्राममध्ये १ ते ६० रोल नंबरांची यादी केली. ज्याचे जर्नल येईल त्याचा नंबर टाइप करायचा, आणि प्रोग्रामने तो नंबर यादीतून काढायचा. शेवटी यादीत उरतील ते बाकीदार. काढण्याच्या मेथडचे नाव 'रिमूव्ह'. मी लिहिले:

यादी.रिमूव्ह(नंबर)

सोमवारी पाच जर्नल्स आली: ३, ९, १४, २० आणि २७. संध्याकाळी बाकीदारांची यादी छापून सूचनाफलकावर लावली. मंगळवारी सकाळी नऊ नंबरची मुलगी आली.

"सर, मी काल जर्नल दिले होते. यादीत माझा नंबर आहे."

"अगं, यादी संगणकाने काढली आहे," मी म्हणालो. "नीट आठव, दिलेस की नुसते आणलेस?"

ती काही न बोलता गेली. बाकीदाराला परीक्षेला बसू देत नाहीत, हे तिला ठाऊक होते. दुपारी ५८ नंबरचा मुलगा आला. मी नंबर टाइप केला आणि प्रोग्राम लांबलचक तक्रार छापून बंद पडला. यादीची लांबी ५५ आणि तुम्ही ५८वी जागा मागता, असा तिचा अर्थ होता. जागा? मी जागा कुठे मागितली होती? मी तर नंबर दिला होता!

कपाटातली जर्नल्स काढून यादीशी ताडून पाहिली. ३ ऐवजी यादीतून गेला होता ४. ९ ऐवजी ११. १४ ऐवजी १७. २० ऐवजी २४. २७ ऐवजी ३२. चूक १, २, ३, ४, ५ अशी शिस्तीत वाढत गेलेली. प्रयोगात असे आकडे आले की आम्ही समजतो, ही हाताची थरथर नव्हे, उपकरणातच काहीतरी आहे.

यादीला 'रिमूव्ह' या नावाच्या दोन मेथड असतात. एक इंट घेते आणि त्या जागेवरची वस्तू काढते. दुसरी ऑब्जेक्ट घेते आणि ती वस्तू यादीत जिथे पहिल्यांदा सापडेल तिथून काढते. माझा नंबर इंट प्रकारचा होता. पहिल्या चाळणीतच इंट घेणारी मेथड मिळाली. दुसरी मिळायला आकडा डबीत घालावा लागला असता, म्हणजे दुसरी चाळणी, आणि तिथवर कंपायलर गेलाच नाही. जावात जागा शून्यापासून मोजतात. त्यामुळे ३ या जागेवर चौथी वस्तू होती, रोल नंबर ४. ती गेल्यावर पुढचे सारे एकेक पाऊल मागे सरकले, म्हणून ९ या जागेवर आता दहा नव्हे, अकरा होता. पुढचे तुम्ही करून पाहा.

१९९८ साली याद्यांची ही सोय जावात आली, तेव्हा या दोन नावांचा गोंधळ होणे शक्य नव्हते. आकडा डबीत घालायचा तर तो आपल्या हातानेच घालावा लागे, त्यामुळे जागा आणि वस्तू यांतला फरक लिहितानाच दिसत असे. २००४ मध्ये डबीबंदी आपोआप होऊ लागली आणि जुन्या बिनधोक नावात नवा खड्डा तयार झाला. माझा प्रोग्राम दुरुस्त व्हायला एक शब्द पुरला:

यादी.रिमूव्ह(इंटिजर.व्हॅल्यूऑफ(नंबर))

आता नंबर डबीत बसवून दिला. डबी ही ऑब्जेक्टच असल्यामुळे दुसरी मेथड पहिल्याच चाळणीत मिळते.

फलकावरची यादी मी लगेच काढली. ४, ११, १७, २४ आणि ३२ या मुलांना, 'तुमचे जर्नल यायचे आहे,' असे सांगितले. त्यांतल्या दोघांनी 'यादीत तर आमचे नाव नव्हते' असा युक्तिवाद करून पाहिला, आणि तो चुकीचा म्हणता येत नव्हता. नऊ नंबरच्या मुलीला वर्गात सर्वांसमोर सांगितले, की संगणकाने मी लिहिले तेच केले, चूक माझी होती.

तुमच्यासाठी एक प्रश्न. समजा त्या सोमवारी तीच पाच जर्नल्स उलट क्रमाने आली असती: आधी २७, मग २०, १४, ९ आणि शेवटी ३. माझा चुकीचा प्रोग्राम तसाच. मग यादीतून कोणते पाच नंबर गेले असते, आणि चूक कशी वाढली असती? संगणक लागणार नाही. कागदाच्या साठ चिठ्ठ्या एका ओळीत मांडा, पहिलीची जागा शून्य धरा आणि एकेक उचलत जा.